पाळकाचा रिलीव्हर कोण?

भिलाईत ‘रेस्ट’ हा शब्द मराठी आहे, हिंदी आहे, छत्तीसगढी आहे आणि तेलुगू-मलयाळमही आहे. पोलाद कारखान्यातल्या साप्ताहिक सुट्टीला इथे कुणी सुट्टी म्हणत नाही. “आज बाबांचा रेस्ट आहे,” म्हणजे आज घरात मटण शिजणार आणि दुपारी दोनच्या भोंग्याला सायकल बाहेर निघणार नाही. आमच्या क्वार्टरच्या भिंतीवर कॅलेंडर असायचं. त्यावर ए, बी, सी अशी अक्षरं आणि आठवड्यातून एक लाल गोल. ए शिफ्ट सकाळी सहाची, बी दुपारी दोनची, सी रात्री दहाची. लाल गोल म्हणजे रेस्ट. तो बहुतेकदा मंगळवारी किंवा गुरुवारी यायचा, रविवारी क्वचित. भट्टीला रविवार नसतो.

त्याच कारखान्यातला दुसरा शब्द म्हणजे रिलीव्हर. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही, हा नियम. तो आला नाही तर डबल ड्यूटी. पण तो येतोच, कारण कुणी यायचं ते आधीच कागदावर लिहिलेलं असतं. रेस्ट आणि रिलीव्हर या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे भिलाईतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आणि याच गावातल्या चर्चांमध्ये, जिथले अर्धे सभासद कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, पाळकाच्या बाबतीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

थकलेल्या पाळकांबद्दल हल्ली बरंच लिहिलं-बोललं जातं. त्यातलं बहुतेक उपदेशाच्या सुरात असतं: विश्रांती घ्या, एकांतात जा, कुटुंबाला वेळ द्या. हे सगळं पाळकालाच सांगितलं जातं. जणू त्याला झोप नको आहे म्हणून तो झोपत नाही.

एक प्रसंग सांगतो. मी आठवी-नववीत असेन. डिसेंबरचा महिना होता. भिलाईत डिसेंबर म्हणजे कॅरोलचा महिना. टाउनशिपच्या सेक्टरांतून, कॅम्पमधून, खुर्सीपार-सुपेल्यातून रात्री उशिरापर्यंत ढोलकी आणि गिटार घेऊन टोळकी फिरतात आणि प्रत्येक घरात पाळकांनी प्रार्थना करावी अशी अपेक्षा असते. आमचे पाळकसाहेब त्या दिवशी सकाळी एक दफनविधी आणि दुपारी सेक्टर 9 च्या इस्पितळात दोन भेटी उरकून संध्याकाळी आमच्याकडे आले होते. चहा व्हायचा होता. त्यांनी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि शांतता पसरली. आम्हाला वाटलं, मनात प्रार्थना चालली आहे. मग हलकं घोरणं ऐकू आलं. आई कावरीबावरी झाली. बाबा सी शिफ्ट केलेले, ते ही झोप ओळखत होते. त्यांनी आतून उशी आणली, साहेबांच्या मानेखाली सरकवली आणि आम्हाला हाताने बाहेर जायची खूण केली. चहा दोनदा गरम करावा लागला.

गोष्ट मंडळीत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या कमिटीच्या बैठकीत कुणीतरी ती काढली, थोडी थट्टेत आणि थोडी तक्रारीत: साहेब प्रार्थनेत झोपतात. बाबा बैठकीत कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “यांचा रिलीव्हर कोण आहे?” उत्तर आलं नाही. कंपाउंड वॉलचा विषय घेण्यात आला. त्या भिंतीवर तासभर चर्चा झाली, असं बाबा पुढे बरीच वर्षं सांगत.

आता हा प्रश्न भिलाईपुरता किंवा आजचा आहे असं नाही. या मुलुखात तो कारखान्याहून जुना आहे. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे आली. केरळातून, आंध्रातून, ओरिसातून, आमच्या वऱ्हाडातूनही. प्रत्येकाने आपापला देव आणि आपापली भाषा बरोबर आणली. म्हणून या एका गावात मलयाळम, तेलुगू, तमिळ, हिंदी अशा किती तरी भाषांत उपासना चालतात. पण छत्तीसगढातली ख्रिस्ती मंडळी त्याच्या सुमारे नव्वद वर्षं आधीपासूनची आहे. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने 1868 मध्ये बिश्रामपूर वसवलं. गावाच्या नावातच विश्राम आहे. धमतरीत 1899 मध्ये मेनोनाइट मिशनरी आले ते दुष्काळाच्या तोंडावर. शुभवर्तमान सांगायच्या आधी त्यांना भाकरी वाटावी लागली.

त्या काळच्या गोऱ्या मिशनऱ्यांना थकव्याची जाण होती, हे मान्य केलं पाहिजे. आपल्या थकव्याची. मदुरेच्या अमेरिकन मिशनची माणसं कॉलऱ्याने आणि उष्म्याने मरू लागली तेव्हा 1845 मध्ये मिशनरी कोडाईकनालच्या डोंगरावर चढले आणि तिथे बंगले बांधले. आपल्याकडे उन्हाळ्यात महाबळेश्वर होतं. शिवाय काही वर्षांच्या सेवेनंतर फर्लो, म्हणजे मायदेशी दीर्घ रजा. ही चैन नव्हती. त्यांच्या बायकामुलांची थडगी पाहिली की कळतं. पण साहेब डोंगरावर गेल्यावर खाली ठाण्याचं काम कोण बघायचं? देशी उपदेशक, देशी पाळक, कॅटेकिस्ट. म्हणजे रिलीव्हर होता, फक्त एकाच बाजूचा. देशी पाळक थकला तर त्याच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. 1947 नंतर साहेब गेले, बंगले विकले गेले किंवा कोर्टकचेऱ्यांत अडकले, आणि काम सगळं देशी पाळकाच्या गळ्यात पडलं. विश्रांतीची व्यवस्था मात्र साहेबाबरोबर बोटीत बसून गेली.

या संदर्भात कवी नारायण वामन टिळकांची आठवण होणं अपरिहार्य आहे, आणि भिलाईत तर जास्तच. 1893 मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. त्या गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. राजनांदगाव भिलाईपासून तासाभराच्या अंतरावर आहे. आज मुंबई-हावडा गाड्या धडधडत जातात तो हाच मार्ग. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये पाळकपण, शिकवणं, ‘ज्ञानोदया’चं संपादन, कविता, दुष्काळातल्या पोरांना घरात घेणं. हे सगळं एकाच वेळी चाललं होतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा करायला घेतला आणि 9 मे 1919 ला ते गेले. वय 57.

आपण टिळकांचं कौतुक करतो ते या न थांबण्याचंच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ उघडा आणि घराच्या बाजूने वाचा. पैसे आले की वाटून टाकणारा, ठरलेलं विसरून भलतीकडे निघून जाणारा, क्षणात पेटणारा आणि क्षणात विझणारा माणूस तिथे दिसतो. लक्ष्मीबाईंनी ते इतक्या हसत लिहिलं आहे की वाचणाराही हसतो आणि त्या हसण्याखाली किती दमणूक आहे हे विसरतो. टिळकांना रिलीव्हर होता, तो म्हणजे लक्ष्मीबाई. प्लेगच्या छावणीत त्या, अनाथ पोरांच्या पंगतीत त्या, आणि टिळकांनी अपुरं सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेणाऱ्याही त्याच. आजही बहुतेक मंडळ्यांत हीच रीत आहे. पाळक एक नेमतात, पगार एकाला देतात आणि काम दोघांकडून घेतात. पाळकीणबाईंच्या रेस्टचा प्रश्न तर अजून कुणी कंपाउंड वॉलच्या आधीही काढलेला नाही.

पवित्र शास्त्र या बाबतीत काय सांगतं ते प्रत्येक पाळकाला पाठ असतं, आणि तरीही त्यातला अर्धाच भाग व्यासपीठावरून सांगितला जातो. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला आधी उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. इथपर्यंत सगळे सांगतात. पण तो अध्याय संपतो अलीशाच्या नेमणुकीवर. दमलेल्या माणसाला झोप मिळाली, जेवण मिळालं आणि शेवटी रिलीव्हर मिळाला. मोशेची गोष्टही तशीच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेल्या जावयाला पाहून इथ्रो त्याला ‘जरा आराम कर’ म्हणत नाही. तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. सासऱ्याने ड्यूटी चार्ट बनवून दिला, असं आमच्या भाषेत म्हणता येईल. आणि वादळात होडीत येशू झोपला होता तेव्हा डोक्याखाली उशी होती, हा तपशील मार्काने आवर्जून नोंदवला आहे. वल्ही दुसऱ्यांच्या हातात होती म्हणूनच ती झोप शक्य झाली.

मंडळीच्या इतिहासातही मोठमोठी माणसं मोडलेली दिसतात. फ्रान्समधल्या आर्स गावचा धर्मगुरू जॉन व्हियानी, ज्याला कॅथलिक चर्च धर्मगुरूंचा आश्रयदाता संत मानतं, तो दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास पापनिवेदन ऐकत बसे आणि मठात जाऊन शांतपणे राहावं म्हणून गाव सोडून पळून गेला होता. एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक वेळी परत आणला गेला किंवा परत आला. लंडनचा स्पर्जन, एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला उपदेशक, नैराश्याने वर्षानुवर्षं पोखरला होता. 1856 मध्ये त्याच्या सभेत आगीची हूल उठून चेंगराचेंगरीत सात माणसं मेली, तो घाव भरला नाही. पण त्याने दोन गोष्टी केल्या. आपल्या विद्यार्थ्यांपुढे या खचण्यावर उघड व्याख्यान दिलं आणि हिवाळ्यात फ्रान्समधल्या माँतों इथे जाऊन राहण्याचा परिपाठ ठेवला. तिथेच 1892 मध्ये वारला.

आपल्या देशातला नमुना म्हणजे अमेरिकन मिशनरी ई. स्टॅन्ले जोन्स. 1907 मध्ये लखनौला आला, आठ-साडेआठ वर्षांत मज्जासंस्थेने दगा दिला, मायदेशी रजेवर गेला, परत येऊन महिनोन्‌महिने डोंगरावर राहिला, खाली उतरला की पुन्हा तेच. आपली ही अवस्था त्याने स्वतः लिहून ठेवली, हे त्या काळात धाडसाचं होतं. बरं कसं वाटलं याचं त्याचं उत्तर प्रार्थनेतलं आहे. ते ज्याच्या-त्याच्या श्रद्धेवर सोडू. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. 1930 मध्ये त्याने नैनितालजवळ सातताल आश्रम काढला. तिथे आश्रमाच्या भंग्यालाही आठवड्याची सुट्टी असे आणि त्या दिवशी त्याचं काम, म्हणजे संडास साफ करणं, आश्रमात आलेले शिकलेसवरलेले लोक करत. विश्रांतीवर भारतात झालेल्या ख्रिस्ती विचारातलं हे मला सर्वांत खरं वाटतं. सुट्टी द्यायची तर त्या दिवशी झाडू कुणी हातात घ्यायचा, ते आधी ठरवलं.

संशोधनाकडे वळायचं तर तिथे दोन प्रकारचे आकडे फिरतात. एक प्रकार व्हॉट्सॲपचा: अमेरिकेत दर महिन्याला पंधराशे पाळक सेवा सोडतात, वगैरे. हा आकडा पाळकांच्या परिषदांतून आपल्याकडेही ऐकवला जातो. त्याला आधार नाही. लाइफवे या संस्थेने 2015 मध्ये नीट पाहणी केली तेव्हा दहा वर्षांत मृत्यू किंवा निवृत्ती सोडून अन्य कारणाने सेवा सोडणारे प्रमुख पाळक साधारण 13 टक्के निघाले. म्हणजे बहुतेक जण सोडत नाहीत. थकतात आणि तिथेच राहतात. ही जास्त काळजीची गोष्ट आहे. ड्यूक विद्यापीठाने 2008 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या सतराशेहून अधिक मेथडिस्ट पाळकांची पाहणी केली. त्यात नैराश्याचं प्रमाण फोनवर विचारलं तेव्हा 8.7 टक्के आलं. राष्ट्रीय सरासरी 5.5 होती. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब हेही शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा जास्त. बार्ना या संस्थेच्या पाहण्यांत पूर्णवेळ सेवा सोडण्याचा विचार केलेले पाळक 2021 च्या सुरुवातीला 29 टक्के होते, मार्च 2022 मध्ये 42. कारणांत पहिला ताण, दुसरा एकटेपणा. आकडे अमेरिकेतले आहेत, तिकडचा पाळक गाडीने फिरतो आणि त्याला आरोग्यविमा असतो. ते भिलाईला जसेच्या तसे लावायचे कारण नाही. पण एकटेपणा हा दुसऱ्या क्रमांकावर आला, तो मात्र इथेही ओळखीचा वाटतो.

‘बर्नआउट’ हा शब्द फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये रुळवला, तोही न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या सेवाभावी स्वयंसेवकांना पाहून. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणचा परिणाम म्हणून केली. हा फरक बारीक दिसतो पण कळीचा आहे. दोष माणसात शोधायचा की कामाच्या रचनेत, याचं उत्तर त्यात आहे.

मग रचना कुठे कशी आहे? कॅथलिक धर्मगुरूला 1983 च्या धर्मसंहितेतल्या 533 व्या कलमाने वर्षाला जास्तीत जास्त एक महिना सुट्टी मिळते आणि वार्षिक आध्यात्मिक साधनेचे दिवस त्यात धरत नाहीत. भिलाईतले फादर रायपूर महाधर्मप्रांताखाली येतात. कागदावर तरी त्यांचा हक्क पक्का आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 2009 च्या नियमांनी आठवड्यात सलग 24 तासांची विश्रांती आणि वर्षाला 36 दिवसांची रजा ठरवून दिली. मोठ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत रजा असते, पण ती मागावी लागते आणि ज्याच्याकडे मागायची तोच बदलीही करतो. दुखावलेल्या पाळकाने आपलं दुखणं बिशपांना सांगावं तरी कसं? आणि स्वतंत्र मंडळ्यांचे पाळक, ज्यांची संख्या कॅम्पपासून रिसालीपर्यंत गल्लोगल्ली आहे, त्यांना काहीच नाही. ना रजा, ना पगार. दशांश आणि दान. त्यातले काही जण तर कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे कामाला जातात आणि हक्काच्या रेस्टच्या दिवशी सभा घेतात. त्यांच्या कॅलेंडरवरचा लाल गोलही गेला.

छत्तीसगढात या थकव्याला अलीकडे भीतीची जोड आहे. 25 जुलै 2025 रोजी दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन कॅथलिक भगिनींना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. 2 ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने जामीन दिला. आरोपांचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. पण दुर्ग म्हणजे भिलाईचंच स्टेशन. त्यानंतर घरगुती प्रार्थनासभेला जाताना पाळकाने गल्लीच्या तोंडाशी आधी कोण उभं आहे ते पाहावं, हे साहजिक झालं. त्याच वर्षी बस्तरमध्ये, दरभा तालुक्यातल्या छिंदवाड्याचे पाळक सुभाष बघेल 7 जानेवारीला वारले आणि गावाने दफनाला विरोध केला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या करकापाल इथे दफन करण्याचा आदेश निघाला. तोवर वीस दिवस देह शवागारात होता. यावर टिप्पणी करायची माझी इच्छा नाही.

दुसरी बाजूही बघितली पाहिजे, कारण सगळा दोष मंडळीच्या माथी मारणं सोपं आहे. पाळकच आपली जागा सोडत नाहीत, हेही खरं आहे. पाहुण्या उपदेशकाला व्यासपीठ दिलं आणि तो जाताना अर्धी मंडळी घेऊन गेला, अशा कहाण्या स्वतंत्र मंडळ्यांत ढिगाने ऐकू येतात. त्यामुळे पाळक तापातही उभा राहतो. काहींना आपण नसलो तर मंडळी चालली, या गोष्टीचंच भय वाटतं. शिवाय ‘रिट्रीट’ नावाचा प्रकार: थकलेल्या पाळकांना तीन दिवस एका हॉलमध्ये बसवून रोज पाच-सहा उपदेश ऐकवायचे आणि शेवटी ग्रुप फोटो. यातून परतलेला पाळक सोमवारी आणखी दमलेला असतो. आणि जुने लोक म्हणतात, प्रभूच्या सेवेत सुट्टी कसली? त्यांना मी एवढंच विचारतो की काका, तुमच्या भट्टीला तरी कॅपिटल रिपेअर होतं की नाही? काही वर्षांनी भट्टी थंड करून आतल्या विटा बदलतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की भट्टीची श्रद्धा कमी पडली.

सुट्टीपेक्षाही अवघड आहेत ते घाव. 2021 च्या एप्रिलमध्ये दुर्ग जिल्ह्यात करोनाने कहर केला. नातेवाईक जवळ जाऊ शकत नव्हते अशा दफनांना जे पाळक उभे राहिले, त्यांच्यापैकी किती जणांशी मंडळी नंतर त्याबद्दल बोलली? मला एकाने सांगितलं, मोजायचं सोडून दिलं होतं. मग विषय बदलून त्याने माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली. अशांसाठी आठवड्याचा एक दिवस पुरणार नाही. त्यांना ऐकणारा माणूस हवा, जो त्यांचा वरिष्ठ नाही आणि सभासदही नाही. शेजारच्या दुसऱ्या पंथाचा पाळक चालेल, फादर चालतील, समुपदेशक चालेल. सरकारची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची सेवा हिंदीत आणि मराठीतही आहे आणि फोन करणाऱ्याला धर्म विचारत नाही.

भिलाईसारख्या गावात हे अवघड नसावं. इथे चर्चं जवळजवळ आहेत, सहा-सात पाळक एकमेकांना नावाने ओळखतात आणि निवृत्त पाळकही आहेत, ज्यांना महिन्यातून एक रविवार बोलवलं तर आनंदच होईल. दफनविधी, इस्पितळाच्या भेटी, रात्रीचे फोन यांची पाळी लावता येते. कमिटीत बसलेल्या माणसांनी तीस-पस्तीस वर्षं दुसरं काय केलं आहे?

म्हणून कमिटीच्या मंडळींना एक विनंती. जानेवारीच्या पहिल्या बैठकीत, कंपाउंड वॉलच्या आधी, हा विषय घ्या. चर्चच्या फाटकावर उपासनेच्या वेळेचा फलक असतो. त्याखाली पाळकसाहेबांच्या रेस्टचा वार लिहा, आणि त्याच्यासमोर त्या दिवशीच्या रिलीव्हरचं नाव आणि फोन नंबर.